घरीच शिकवायचंय? मग कायदा वाचू नका!

अमेरिकेत राहून मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलंत? उत्तम. आता राज्याचा कायदा वाचण्याचा वेडेपणा करू नका. टेक्सासमधल्या डॅलसच्या मावसभावाला फोन लावा. तो सांगेल, "अरे, अमेरिकेत कोण विचारतंय!" आणि त्याचं खरंच आहे. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये घरच्या शिक्षणाला खासगी शाळेच्या पंगतीला बसवलं. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व एवढं मनापासून शिकवा, झालं. आता तुम्ही राहता न्यू यॉर्क राज्यात, ही बाब गौण. देश एकच ना?

न्यू यॉर्कवाले तसे चिकट. 1 जुलैपर्यंत घरी शिकवणार असल्याचं पत्र, मग विषयवार आराखडा, मग वर्षाला चार तिमाही अहवाल, शेवटी मूल्यमापन. पहिली ते सहावी 900 तास, पुढे 990. शिवाय सायकल नीट कशी चालवावी आणि घराला आग कशी लागू देऊ नये, हेही अभ्यासक्रमात! तुम्ही घाबरू नका. तासांचा हिशेब सढळ हाताने करा. कॉस्को या घाऊक दुकानाची फेरी म्हणजे गणित, आजीचा व्हिडिओ कॉल म्हणजे समाजशास्त्र. पहिला तिमाही अहवाल तिसऱ्या तिमाहीत लिहिला की मजकूर कसा मुरलेला येतो.

न्यू जर्सीत असाल तर मजाच. शाळेबाहेर 'समतुल्य शिक्षण' द्या, बस. सरकारला कळवायचीही सक्ती नाही. या सुखाची सवय लागली, की पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियात नोकरी घ्या आणि डेलावेअर नदी ओलांडून बिऱ्हाड हलवा. पेनसिल्व्हेनियात दरवर्षी शपथपत्र लागतं, हे कोणालाच सांगू नका. त्यात लसीकरणाचा पुरावा जोडायचा आणि घरातल्या कोणाही प्रौढाला गेल्या 5 वर्षांत ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा झालेली नाही, हेही लिहून द्यायचं. (सासूबाई राहायला असतील तर त्यांना हे कसं विचारायचं, ते तुमचं तुम्ही बघा.)

तिसरी, पाचवी, आठवीला प्रमाणित चाचणी असते. ती आली की बघू. जूनअखेर बाहेरच्या मूल्यमापकाचा दाखला शाळा-जिल्ह्याकडे, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळांच्या कार्यालयाकडे, द्यावा लागतो. त्यासाठी मुलाच्या कामाची फाइल लागते, आणि त्यात वाचलेल्या पुस्तकांची नोंद त्या त्या वेळीच केलेली हवी. 28 जूनच्या रात्री सगळं कुटुंब जेवणाच्या टेबलाभोवती बसवा आणि सप्टेंबरपासूनच्या नोंदी लिहायला सुरुवात करा. फक्त पेनं तीन-चार ठेवा. 180 दिवस एकाच निळ्या शाईत आले, तर मूल्यमापकबाई चष्मा काढून तुमच्याकडे बघतात.