थँक्स म्हणा, नाहीतर सही वाचली जाईल

‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ अशी सुरुवात करून डेबियन या मोफत संगणक प्रणालीकडे बगची, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या बिघाडाची, तक्रार पाठवली, तर ती दारातच अडखळते. तिथल्या यंत्राला मजकुराची अगदी पहिली ओळ ‘पॅकेज’, कोलन आणि सॉफ्टवेअरचं नाव अशी हवी असते. दुसरी ओळ ‘व्हर्जन’, कोलन आणि आकडे. मग एक ओळ मोकळी. त्यापुढे नमस्कार-चमत्काराची हौस खुशाल भागवून घ्यावी. मायना, विषय, संदर्भ असं शाळेत घोटून घेतलेलं पत्रलेखन अंगाशी येतं, अशी ही एकमेव जागा मला माहीत आहे.

यंत्राचं नाव डेबबग्ज. इयन जॅक्सन यांनी १९९४च्या सुमारास ते पर्ल या संगणकभाषेत लिहिलं, म्हणजे डेबियन जन्मल्यावर थोड्याच काळात. तक्रारींच्या क्रमांकाने दहा लाखांचा आकडा २०२१मध्ये ओलांडला, आणि ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या काही तक्रारीही याच यंत्राच्या एका भावंडाकडे जातात. वेबपानावर तक्रारी फक्त वाचायच्या. नोंदवणं, हलवणं, बंद करणं सगळं मेलने. लॉगिन नाही, पासवर्ड नाही, बटण तर नाहीच. कुणीही उठावं आणि कुणाचीही तक्रार बंद करावी! सोसायटीच्या नोटीस बोर्डाच्या काचेला कुलूप नसावं तसं हे आहे, आणि तरी इतकी वर्षं चाललंय, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

(पत्ते आणि आज्ञा इथे देवनागरीत दिल्यात. टाइप रोमनमध्येच करायच्या. यंत्राला मराठी येत नाही.)

तक्रार ‘सबमिट’ या पत्त्यावर जाते आणि उलट टपाली पोच येते, तीत तक्रारीचा क्रमांक असतो. पोच आली नाही की माणूस तोच मेल पुन्हा पाठवतो. हे करू नये. एकाच दुखण्याच्या दोन तक्रारी होतात आणि त्या जुळवण्याचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडतं. आधी स्पॅम बघावा. मग मेल सर्व्हरचा लॉग, म्हणजे टपालाची नोंदवही, आपल्या हातात असेल तर समोरच्याने काय आकडा दिला ते बघावं. २५० म्हणजे पत्र घेतलं. ४५०, ४५१ असं चारशेच्या घरातलं काही असेल तर ‘साहेब जेवायला गेलेत, नंतर या’. आपला सर्व्हर शहाणा असेल तर तो थोड्या वेळाने स्वतःच परत जातो, आपण मध्ये पडू नये. पाचशेच्या घरातला आकडा म्हणजे हाकलून दिलंय, तेव्हा कारण वाचावं. लॉग ठीक असेल तर वेबपानावर त्या पॅकेजच्या यादीत तक्रार दिसते का पाहावं. पॅकेजच्या नावात एक अक्षर चुकलं तर तक्रार त्या नसलेल्या नावाखाली जाऊन पडते आणि तिला मालक नसतो. मालक नाही म्हणजे ती योग्य माणसाच्या हातात पडत नाही.

मेल साध्या मजकुरात हवा. रंगीत अक्षरं, मोठे ठसे, मध्येच तक्ता असा नटवलेला मेल पाठवला तर ‘पॅकेज’ची ओळ टॅगांच्या जंजाळात हरवते. फोनवरून पाठवणाऱ्याने तर दोनदा बघावं. कीबोर्ड दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करतो, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो, आणि पॅकेजचं नाव त्याला चुकलेला इंग्रजी शब्द वाटून तो आपल्या परीने सुधारतो. यातलं काहीच नको असेल तर ‘रिपोर्टबग’ नावाचा प्रोग्राम आहे. तो प्रश्न विचारत विचारत पत्र नीट मांडून देतो. मी म्हणेन तोच वापरा, पण मग पुढची गंमत कळणार नाही.

आता कार्बन कॉपी. पहिली तक्रार पाठवताना सौजन्य म्हणून चार जणांना सीसीत घेतलं, की त्यांच्याकडे जी प्रत जाते तिच्यावर क्रमांक नसतो. नोंद व्हायच्या आधीच ती निघालेली. त्यातला एक जण ‘सर्वांना उत्तर’ दाबून ‘हो, मलाही हेच होतंय’ लिहितो. त्याचं उत्तर ‘सबमिट’लाही जातं आणि यंत्राच्या लेखी ती नवी तक्रार होते. दुसऱ्याचं तसंच. एका बगला बारशाआधीच चार भावंडं! यावर उपाय आहे: सीसीऐवजी मजकुराच्या वरच्या ओळींतच ‘एक्स-डेबबग्ज-सीसी’, कोलन आणि पत्ता लिहायचा. मग यंत्र आधी क्रमांक देतं आणि नंतर प्रती वाटतं.

याहून छळवादी भानगड पुढे आहे. तक्रारीच्या क्रमांकाच्या पत्त्यावर लिहिलेलं पत्र पॅकेज सांभाळणाऱ्याला जातं आणि नोंदीत लागतं. ज्याने तक्रार केली त्याला ते जात नाही. वाचताना हे पटत नाही, पण तसंच आहे. सांभाळणारा त्या पत्त्यावर विचारतो, ‘तुमच्याकडे कोणती आवृत्ती आहे?’ आणि वाट बघतो. तक्रारदारही वाट बघतो. सांभाळणारा वैतागून ‘मोअरइन्फो’ची, म्हणजे ‘आणखी माहिती हवी’ची, चिठ्ठी डकवतो, तक्रारदार ‘हे लोक उत्तरच देत नाहीत’ म्हणून वैतागतो, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात. क्रमांकापुढे आडवी रेघ आणि ‘सबमिटर’ लावून तो पत्ताही सोबत घातला की प्रश्न माणसापर्यंत पोचतो. तक्रारदाराने तरी आपलं पान अधूनमधून उघडून बघावं, विजेच्या बिलावरचं थकबाकीचा रकाना बघतो तसं.

आज्ञा द्यायच्या त्या ‘कंट्रोल’ या पत्त्यावर. एका ओळीत एकच आज्ञा: ‘सिव्हिअरिटी’, क्रमांक, ‘मायनर’. किंवा ‘रिअसाइन’, क्रमांक, दुसरं पॅकेज. आणि शेवटी ‘थँक्स’. हा शिष्टाचार नाही, ही पूर्णविरामाची आज्ञा आहे. ‘स्टॉप’ किंवा ‘क्विट’ही चालतं, ‘धन्यवाद’ चालत नाही. घरच्यांना, रिक्षावाल्याला, शेजाऱ्याला एरवी थँक्स न म्हणणारी आपली जात इथे सापडते. थँक्स राहिलं तर यंत्र थांबत नाही, खाली वाचतच जातं. ‘विथ वॉर्म रिगार्ड्स’ ही ओळ आली. ही कोणती आज्ञा? अनोळखी. मग तुमचं नाव. अनोळखी. ‘सीनियर मॅनेजर’. अनोळखी. फोन नंबर, इमारतीचं नाव, ‘कागद वाचवा, हा मेल छापू नका’. सगळं अनोळखी. शेवटी ‘फार अनोळखी आज्ञा झाल्या, इथेच थांबतो’ असं म्हणून ते खरोखर थांबतं आणि हा सगळा पाढा ओळीओळीने तुम्हाला परत पाठवतं. स्वतःच्या हुद्द्याला असं उत्तर दुसरीकडे कुठे मिळत नाही. सहीच्या वर दोन आडव्या रेघा असतील तर यंत्र तिथेच थांबतं, म्हणून त्या रेघा सहीतच कायमच्या घालून ठेवाव्यात. आणि ‘हा मेल गोपनीय आहे’ वगैरे तळटीप काढूनच टाकावी, कारण नोंद जाहीर असते. फोन नंबरही जगाला दिसतो.

शीर्षक बदलायची ‘रीटायटल’ ही आज्ञा देताना आणखी एक खोच. शीर्षक लांब असलं की मेल प्रोग्राम ७२ अक्षरांच्या आसपास ओळ मोडतो. शीर्षक अर्ध्यावर तुटतं आणि उरलेलं अर्धं नवी आज्ञा म्हणून वाचलं जातं. ओळमोड बंद करावी किंवा मोजकं लिहावं. तक्रारी एकत्र करणाऱ्या ‘मर्ज’चं तंत्र सासूसारखं: दोन तक्रारींचं पॅकेज, तीव्रता, सगळं सारखं असेल तरच जुळवते, एवढासा फरक दिसला तरी नकार. मग ‘फोर्समर्ज’. त्यात पहिला क्रमांक ज्याचा, त्याची अवस्था बाकीच्यांना चिकटते. तेव्हा क्रम तपासून लिहावा.

तक्रार बंद होते ती क्रमांकापुढे आडवी रेघ आणि ‘डन’ लावलेल्या पत्त्यावर लिहून. पत्राच्या वरच्या ओळीत ‘व्हर्जन’ घालायला लोक विसरतात, आणि मग कोणत्या आवृत्तीत दुरुस्ती झाली हे यंत्राला कळत नाही. बंद करणाऱ्याने पाठवलेल्या पत्रावर ‘सर्वांना उत्तर’ दाबून ‘अजून बिघाड तसाच आहे’ लिहिणाऱ्याचं पत्रही ‘डन’कडेच जातं, म्हणजे निषेधच बंद करायच्या खिडकीत दाखल होतो. पत्ता हाताने खोडावा, नुसता क्रमांक ठेवावा, आणि ‘कंट्रोल’ला ‘फाउंड’, क्रमांक, आवृत्ती असं वेगळं लिहावं.

बंद झाल्यावर २८ दिवस कुणीच काही लिहिलं नाही तर तक्रार दप्तरी दाखल होते. त्यानंतर ‘रीओपन’ दिलं तर यंत्र नाही म्हणतं. आधी ‘अनअर्काइव्ह’, मग ‘रीओपन’, वेगवेगळ्या ओळींवर, आणि खाली थँक्स.