मला तक्रार करणारा किरायेदार पाहिजे

आमच्या दर्यापूरला खोली किरायाने द्यायची म्हटली की प्रश्न ठरलेले. आडनाव काय, गाव कोणतं, मटण-अंडी खाता का, बायको सोबत राहणार का. पोलीस भरतीची तयारी करणारी पोट्टी तर फाटकातूनच परत जातात. आणि सगळं जमलं तरी शेवटी एक अट असतेच, "कटकट करणारे नको बापा."

मला यातलं काहीच पटत नाही. आडनावावरून किराया वेळेवर येईल का ते कळत नाही. आणि कटकट न करणारा माणूस घरमालकाला सगळ्यात महाग पडतो.

आपला पट्टा खारपाणाचा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं. खाली काळी चिकण माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचं घरही आपल्यासोबत हलवते. मे महिन्यात नीट लागणारं दार ऑगस्टात अडकतं, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, कूलरचा पंप जाम होतो, लोखंडी पाइप आतून सडतो. म्हणजे इथे घर बिघडणारच. आपल्याला ते कधी कळतं, एवढाच प्रश्न.

माझ्याकडे एक गुरुजी राहायचे. देवमाणूस, कधी तोंड उघडलं नाही. न्हाणीचा पाइप भिंतीच्या आत झिरपत होता, पोपडे निघत होते, आणि गुरुजींनी त्यावर कॅलेंडर लावलं होतं! बदली होऊन गेले तेव्हा कॅलेंडर काढलं, तर प्लास्टर हातात आलं. जे काम प्लंबरच्या एका चकरेत झालं असतं, त्यासाठी मिस्त्री, रेती, सिमेंट, पेंटर सगळी वरात बोलवावी लागली.

त्यांच्यानंतर ग्रामीण रुग्णालयातल्या एक सिस्टर आल्या. सामान लावून व्हायचंच होतं, तर फोन आला, "काका, कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात." वायरमनला नेऊन पाहिलं, अर्थिंग सुटलेली. पत्र्याचा कूलर, आत पाणी, खाली ओली फरशी. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात, तुम्हीही वाचता. त्या फोनला मी कटकट म्हणू?

म्हणून आता मी मागच्या घरमालकाला फोन लावतो. किराया कसा द्यायचे हे विचारतोच, पण तक्रार काय करायचे हेही विचारतो. "मोटर बंद पडली की लगेच सांगायचे, जीव खायचे, पण किराया कधी चुकला नाही" असं कोणी म्हटलं की माझ्याकडून खोली पक्की.

बाकी आधारची झेरॉक्स, पोलीस ठाण्यात माहिती, हे करायचंच. करारही नोंदवायचा. अकरा महिन्यांचा नोटरी केला की झालं, असं इथे सगळे सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ काढून वाचा. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर किरायेदार ज्या अटी सांगेल त्या धरल्या जातात, खोटं ठरवायचं ओझं आपल्यावर. त्याच कायद्यात हेही आहे की लेखी नोटीस देऊन १५ दिवसांत मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च किरायातून कापू शकतो, वर्षाच्या किरायाच्या चौथ्या हिश्शापर्यंत. हे सांगितलं की आपले लोक माझ्याकडेच रागाने पाहतात.

भांडणाचं खरं मूळ मात्र लाईट बिल. एका मीटरवर तीन बिऱ्हाडं टाकली की युनिट एकत्र मोजले जातात, शंभरच्या पुढे गेले की दर चढतो, तीनशेच्या पुढे अजून. मग एकट्या माणसालाही महागडा दर पडतो आणि त्याला वाटतं मालक खातो. वेगळं मीटर घ्या, निम्मी तोंडं बंद होतात.

करारात मी लिहूनच टाकलं आहे. बल्ब, तोटीचा वॉशर, कूलरच्या जाळ्या तुमच्या. मोटर, पाइप, वायरिंग, स्लॅब माझा. लाईट-पाण्याचं त्याच दिवशी पाहतो. प्लास्टरला वेळ लागेल हेही आधीच सांगतो, कारण सोयाबीन काढणीत इथे मजूर सापडत नाही.

शेजारचे म्हणतात, "भाऊ, तुमी किरायेदाराले डोक्यावर बसवता. किराया येते किती अन् लावता किती?" येतो थोडाच, खरं आहे. त्यातला एका महिन्याचा मी वर्षाला दुरुस्तीसाठी बाजूला काढतो. यंदाचा बोअरच्या मोटरीत गेला, स्लॅबचं वॉटरप्रूफिंग तसंच राहिलं. अंजनगाव-दर्यापूरकडे कोणाच्या ओळखीत चांगला मिस्त्री असेल तर कमेंटमध्ये सांगा, नंबर इनबॉक्सला टाका.