पावती फाडण्याआधी मोजमाप दाखवा

रस्त्यावरची ट्रकची तपासणी अजून कडक करा, असं एका लेखात वाचलं. मी ट्रक चालवतो आणि मलाही तपासणी हवीच आहे. उतारावर ब्रेक गेलेली गाडी माझ्याच मागे असू शकते. ओव्हरलोडनं रस्त्याचीही वाट लागते. अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये झालेल्या चाचणीतून दिसलं, की एक्सलवरचा, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसावरचा, भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज साधारण १६ पट होते.

पण माल भरतो दुसराच. सील लावलेला कंटेनर आमच्या ताब्यात देतात, आत कसं रचलंय ते दिसतही नाही. एकूण वजन नियमात असूनही माल पुढच्या किंवा मागच्या टोकाला जास्त रचलेला असला की एका एक्सलवर भार वाढतो, आणि पावती फाटते ड्रायव्हरच्या नावानं! वजनकाट्याची जागा सपाट नसेल तर एक्सलचं वजनही चुकीचं येतं. काटा शेवटचा कधी तपासला, एवढं विचारलं तरी आम्ही उद्धट ठरतो.

टायर सकाळी एका ठिकाणी पास, दुपारी दुसरीकडे तोच नापास, हे मी स्वतः भोगलंय. खाचेची खोली गेजनं मोजा, आकडा पावतीवर लिहा. नुसत्या नजरेनं दंड ठरवू नका. चूक असेल तर मी मुकाट्यानं भरीन.