मावळ्यांकडे मोबाईल होते का?

हा प्रश्न पुण्यातल्या आमच्या जुन्या धावगटात कुणीतरी टाकला, त्याखाली लाइकच्या अंगठ्यांची रांग लागली, आणि इथे इंग्लंडात लँकेस्टरमध्ये माझी रविवारची सकाळ नासली.

झालं होतं एवढंच, की गटातला एक मुलगा राजगडाहून तोरण्याकडे एकटा धावत निघाला आणि दुपारभर त्याचा फोन लागेना. घरच्यांचा जीव टांगणीला. संध्याकाळी पठ्ठ्या वेल्ह्यात चहा पिताना सापडला. बॅटरी संपली होती, बाकी सगळं ठणठणीत. त्यानंतर गटात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, गडागडांवर टॉवर उभारा आणि फोनशिवाय कुणाला डोंगरात सोडू नका. दुसऱ्याचं म्हणणं वर आलंच आहे.

टॉवरवाल्यांचं एकवेळ समजू शकते. राजगड 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, त्याच्या बालेकिल्ल्यावर आता टॉवर बसवायचा म्हणतात, तर म्हणोत बापडे. राग येतो तो मावळेवाल्यांचा, कारण मावळे निरोपाच्या बाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी शहाणे होते. 1670 मध्ये सिंहगड हाती आल्यावर तिथल्या पागेला आग लावली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असं बखरीत आहे. विशाळगडावर पोचल्याची खूण तोफांनी दिल्याची गोष्ट तर शाळेपासून पाठ आहे. मोबाईल नव्हता, पण काय घडलं की काय खूण करायची हे माहीत होतं. आणि मुख्य म्हणजे राजगडावर कुणीतरी सिंहगडाकडे तोंड करून जागं होतं. आमच्या मुलाने निघताना नेमकं एवढंच कुणाला सांगितलं नव्हतं: कुठून जातोय, कुठे उतरणार, किती वाजता.

मोबाईलचं गणितही त्या आगीपेक्षा फार वेगळं नाही. टॉवर आणि तुम्ही यांच्यामध्ये डोंगर आला की संपलं. संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणाऱ्या धारेवर लांबचा कुठलातरी टॉवर दिसतो आणि एखाददुसरी कांडी येते. खिंडीत उतरलात की गेली. मग फोन खिशातल्या खिशात जोर लावून टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी खातो. त्या मुलाचं हेच झालं असणार. धावताना फोन फ्लाइट मोडवर ठेवा, जीपीएस तरीही चालतं, नकाशा आधी उतरवून घ्या, उंचावर आलात की चालू करा आणि कॉलच्या नादी न लागता दोन शब्दांचा मेसेज टाका. मेसेजला फार कमी रेंज पुरते. 112 हा क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही लागू शकतो. हे मी गटात लिहिलं. उत्तर आलं, ‘ताई, तुमच्याकडे सगळं असतं, तुम्हाला बोलायला काय जातंय.’

आमच्याकडे काय असतं ते सांगते. इथल्या डोंगरांतल्या वॉसडेल दरीत रेंज शोधत फिरलात तर पाय दुखतील. फेल रेसला, म्हणजे डोंगरातल्या धावशर्यतीला, सुरुवातीच्या रेषेवर पिशवी उघडून दाखवावी लागते: अंगभर वॉटरप्रूफ, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, खाऊ. संकटात शिट्टीसुद्धा हवी तशी फुंकायची नाही. मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. सर्वांत कडक नियम मात्र सामानाचा नाही. शर्यत अर्ध्यात सोडलीत तर शेवटच्या रेषेवर जाऊन तसं सांगितल्याशिवाय घरी जायचं नाही. निघालेली डोकी आणि परतलेली डोकी जुळली नाहीत तर माणसं अंधारात, पावसात तुम्हाला शोधायला निघतात, आणि ती माणसं पगारी नसतात. बॉब ग्रॅहम राउंडला, म्हणजे 24 तासांत 42 शिखरं करायला निघालेल्यासाठी डनमेल रेजच्या खिंडीत वेळापत्रकाचा कागद आणि सूपचा थर्मास घेऊन मी स्वतः उभी राहिले आहे. फोन कुणाचाच लागत नव्हता. कुणी घाबरलंही नव्हतं, कारण तो किती वाजता खाली यायचा आणि किती उशीर म्हणजे खरा उशीर, हे कागदावर होतं.

(टॉवरचा वाद इथे नाही असं नाही. सरकार आणि चार कंपन्यांनी 2020 मध्ये ग्रामीण भागात सिग्नल पोचवण्याची योजना काढली, तेव्हापासून स्कॉटलंडच्या रानातल्या मनोऱ्यांवरून भांडणं चालू आहेत. पण त्यात कुणी स्कॉटलंडच्या जुन्या लढवय्या विल्यम वॉलेसकडे मोबाईल होता का असं विचारल्याचं माझ्या कानावर नाही.)

तर असं सगळं मी ठसक्यात लिहून पाठवलं. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या बचावपथकासारखी मंडळी पदरमोड करून दरीत उतरतात, त्यांना निदान कुठली दरी एवढं तरी कळू द्या, हेही लिहिलं. मग गटातल्या एका जुन्या मैत्रिणीने वेगळा मेसेज केला: ‘आणि तू एकटी जातेस तेव्हा कागद कुणाकडे असतो?’

कुणाकडेच नसतो. शर्यतीच्या दिवशी मला मोजतात; बाकीच्या दिवशी मी शनिवारी सकाळी गाडी लावून डोंगरात शिरते आणि परत आले नाही तर ते सोमवारी ऑफिसात लक्षात येईल. बँक हॉलिडे असेल तर मंगळवारी. शेजारी सज्जन आहेत, माझी पार्सलं घेऊन ठेवतात, पण मी किती वाजता परतते हे त्यांनी विचारणं त्यांना आगाऊपणा वाटेल. सिंहगडाच्या पायथ्याला, आतकरवाडीत, उलटं होतं. गडावरून उतरायला उशीर झाला की ताकवाल्या मावशी ओरडायच्या, ‘मघाशीच गेलीस ना गं वर? एवढा वेळ?’ तेव्हा मला त्याचा वैताग यायचा. पुणं सोडण्याच्या कारणांमध्ये, खरं सांगायचं तर, हा वैतागही होता.

म्हणून मी उपग्रहावरून ठिकाण कळवणारं एक यंत्र घेतलं. पट्ट्याला लावायचं, दर दहा मिनिटांनी नकाशावर ठिपका पडतो. तो ठिपका बघायला कुणाला सांगायचं यावर मी बराच विचार केला आणि शेवटी दुवा कोथरूडला पाठवला. आई साडेचार-साडेपाच तास पुढे असते. माझी सकाळची धाव तिच्या दुपारच्या झोपेवर येते, ती झोपत नाही. परवा मी एका फाटकापाशी बुटातली वाळू काढत होते, खाली उतरून रेंज आली तर तिचे तीन मेसेज: ‘हलत का नाहीस?’ म्हणजे माझा राजगड कोथरूडमध्ये आहे, पहिल्या मजल्यावर. हे मी गटात लिहिलेलं नाही.

आता डिसेंबरात येतेय. आई म्हणाली, इकडे तोरण्याला जाशील तेव्हाही ते यंत्र लाव, मला बरं वाटतं. तिला सांगावं लागलं की असली उपग्रहाची यंत्रं भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. 2024 च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू बाईंना त्यापायी पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं. कायदा 1933 चा, बिनतारी संदेशांचा. म्हणजे यंत्र इथेच कपाटात राहणार. ‘मग?’ आईने विचारलं. मी म्हटलं, निघताना वाट आणि वेळ सांगून जाईन, उतरल्यावर फोन करीन, मधे तू करू नकोस. ती बरं म्हणाली. ती दर अर्ध्या तासाने करणार आहे, आणि खिंडीत तो लागणार नाही.