चावी सरांकडं

मागच्या महिन्यात आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. पुस्तकातलं एक पान, मुलींच्या अंगात वयात येताना काय बदल होतात त्याचं साधं रेखाचित्र, आणि खाली "हे आपल्या शाळेत??" शाळा दापोली तालुक्यातली, पुस्तक आमच्याच बॅचच्या डॉक्टर मैत्रिणीने भेट दिलेलं, चार प्रती. संध्याकाळपर्यंत मेसेजचा नुसता पाऊस, त्यातले अर्धे मुंबईच्या चाकरमान्यांचे, ज्यांची पोरं त्या शाळेत जातही नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी चारही प्रती मुख्याध्यापकांच्या कपाटात. माझी भाची तिथे आठवीत आहे, तिने शिपाईमामांना विचारलं तर म्हणाले, "चावी सरांकडं हाय, नि सर मीटिंगला गेल्यात."

मी ग्रुपवर एवढंच विचारलं की कोणी पुस्तक पूर्ण वाचलंय का. उत्तर आलं, "ताई, अमेरिकेत बसून शहाणपण शिकवू नका, तिकडे सगळं चालतं."

तिकडे सगळं चालतं, हे ऐकून मला हसूच आलं. मी न्यू जर्सीत राहते. पेन अमेरिका नावाची लेखकांची संस्था आहे, तिने २०२३-२४ च्या एका शालेय वर्षात देशभरातल्या सरकारी शाळांमधून पुस्तकं हटवल्याच्या १०,०४६ घटना मोजल्या, सगळ्यात जास्त फ्लोरिडा आणि आयोवात. फ्लोरिडाच्या २०२३ च्या कायद्याने तर लैंगिक मजकूर आहे म्हणून कोणी आक्षेप घेतला की ५ शालेय दिवसांत पुस्तक आधी काढायचं, निकाल मग सावकाश. म्हणजे आपल्या सरांनी केलं तेच, फक्त तिकडे त्याला कायदा करावा लागला.

माझ्या मुलीच्या शाळेच्या बोर्डाच्या, म्हणजे शाळा चालवणाऱ्या समितीच्या, मीटिंगला मी एकदा गेले होते. एक गृहस्थ माइकवर एका कादंबरीतला नेमका एकच परिच्छेद वाचत होते, आवाज चढवून, समोर टायमर चालू. त्यांच्यानंतर शाळेच्या लायब्ररियन बाई उठल्या. पन्नाशीच्या, गळ्यात दोरीला चष्मा. आमच्याकडे वाचनालयातले जोशीकाका जसे "परत कधी आणणार" एवढंच बोलायचे तशा मला वाटलेल्या, पण बाई कागद न बघता बोलल्या, पुस्तक का घेतलं, कुठल्या वयासाठी घेतलं, कोणी कोणी वाचून शिफारस केली, आणि आक्षेप असेल तर फॉर्म कुठे मिळतो. हात थरथरत होते, ते मात्र मला दिसलं. इथे काही गावांत लायब्ररियननाच पोर्नोग्राफी वाटणाऱ्या म्हटलंय लोकांनी, काहींच्या नोकऱ्या गेल्यात, तेव्हा थरथरणारच.

न्यू जर्सीने डिसेंबर २०२४ मध्ये वाचनस्वातंत्र्याचा कायदा केला. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे आक्षेप आला तरी निकाल लागेपर्यंत पुस्तक शेल्फवरच राहतं, आणि लायब्ररियनने सचोटीने काम केलं असेल तर तिच्यावर खटला भरता येत नाही. त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, न्यूयॉर्कजवळच्या एका शाळेतल्या मुलांनी बोर्डावर केलेली केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती. विचार पटत नाहीत एवढ्या कारणाने लायब्ररीतलं पुस्तक काढता येणार नाही, असं तेव्हा न्यायमूर्तींनी लिहिलं, पण त्या मताला पूर्ण बहुमत नव्हतं, म्हणून भांडण अजून चालूच आहे.

आता आपल्याकडे या. "संस्कार वेगळे" म्हणणाऱ्यांना एक आठवण करून देते. र. धों. कर्वे आपल्या दापोलीतल्या मुरुडचे, हर्णैच्या बाजूचे. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, त्यात लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायचे, म्हणून अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील कोण, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, मूळ गाव आंबडवे, शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं. खटला हरले, दंड झाला. म्हणजे या विषयावर भांडणारी माणसं परदेशातून आणावी लागली नव्हती हो, एसटीच्या एका रूटवरची होती! आणि २००७ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांमधलं लैंगिक शिक्षणच बंद केलं होतं, तेव्हा कोणी पुस्तकही उघडून दाखवलं नसेल.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. त्या मीटिंगमध्ये उभं राहायला बाई होत्या. आमच्या शाळेत कोण उभं राहणार होतं? मी शिकत होते तेव्हा अर्धवेळ ग्रंथपाल बाई होत्या, डांबरगोळ्यांचा वास येणारी दोन कपाटं, पावसाळा संपला की पुस्तकं व्हरांड्यात उन्हाला मांडायच्या आणि आम्ही मुली उलटी सुलटी करताना हवं ते उचलून वाचायचो, त्यांनी कधी हातातून काढून घेतलं नाही. एकदा फक्त म्हणाल्या, "कळलं नाही तर विचार, घरी नको विचारूस, मला विचार." त्या रिटायर झाल्या, ती जागा पुन्हा भरलीच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं, गोष्टीची पुस्तकं हवीत असं लिहिलंय, पण ते सांभाळायला माणूस हवा असं काही त्यात नाही. मग चावी जाते सरांकडे, आणि सरांना शाळा समिती, पालक, ग्रामपंचायत, गणपतीच्या वर्गणीवाले सगळ्यांशी जुळवून घ्यायचं असतं. मी त्यांना नावं ठेवत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही कपाट उघडलं असतं, ठेवलं असतं, बंद केलं असतं.

एक कबूल करते, मुलीच्या दप्तरात एक कादंबरी सापडली तेव्हा माझाही जीव खालीवर झाला. दोन रात्री जागून वाचली, मग तिच्याशी बोलले. माझ्या मुलीला नको म्हणायचा हक्क मला आहेच, भाचीच्या बापालाही आहे. पण वर्गातल्या बाकीच्या चाळीस जणींच्या वतीने फोटो टाकणाऱ्याला तो कोणी दिला?

शेवटी इथल्या शाळेचा आक्षेपाचा फॉर्म मी मराठीत करून सरांना पाठवला, एकच पान. पुस्तकाचं नाव, तुम्ही पूर्ण वाचलंत का, कुठलं पान खटकलं, तुमचं मूल कुठल्या इयत्तेत आहे. शिवाय आक्षेप तपासणाऱ्या समितीवर निदान एक आई आणि एक शिक्षिका असू दे असं लिहिलं. सरांनी उत्तरात अंगठ्याचा इमोजी टाकलाय, बाकी काही नाही. भाची म्हणाली, पाऊस लागलाय, ऑफिसचं कौल गळतंय, कपाटाखाली बालदी ठेवलीय.