‘त्यु म माँक’चा अर्थ ‘तू माझ्यातून हरवलास’ असा नाही

इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे: ‘मला तुझी आठवण येते’ असं फ्रेंचमध्ये म्हणताच येत नाही, तिथे ‘त्यु म माँक’ म्हणतात, म्हणजे ‘तू माझ्यातून हरवला आहेस’, कारण प्रेमाचं माणूस म्हणजे आपल्याच शरीराचा भाग. वाचायला गोड वाटतं, पण नव्याने फ्रेंच शिकणारा याने हमखास फसतो.

‘माझ्यातून’ आलं कुठून? इथला ‘म’ म्हणजे ‘मला’. ‘मला चहा आवडतो’ यात कर्ता चहा आणि आवड माझी. तशीच ही रचना. कॉफी सोडलेला माणूसही ‘ल काफे म माँक’ म्हणतो.

‘माँके’ या क्रियापदाचा संसार मोठा आहे. सूपमध्ये मीठ कमी असेल तर ‘इल माँक द्यु सेल’. वेळ अपुरा पडणं म्हणजे ‘माँके द ताँ’, दिलेला शब्द मोडणं म्हणजे ‘माँके आ सा पारोल’. गाडी चुकली तरी हेच क्रियापद. उणं असणं, कमी पडणं, हुकणं हा त्याचा गाभा. खरी परीक्षा सर्वनामात असते. ‘झ’ म्हणजे ‘मी’. ‘झ ल्वी ए माँके’ (‘ल्वी’ म्हणजे ‘त्याला’, ‘म’सारखंच) म्हणजे त्याला माझी उणीव भासली. पण ‘ल्वी’ऐवजी थेट कर्म आलं की ‘झ ले माँके’ म्हणजे आमची चुकामूक झाली, किंवा बंदूक हातात असेल तर त्याच्यावरचा नेम हुकला!

‘म्हणताच येत नाही’ हेही खोटं. गेलेल्या माणसाची उणीव भासते तेव्हा ‘रग्रेते’ वापरतात, आणि त्यात आठवण काढणाराच कर्ता असतो. कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात तर ‘झ माँन्वी द त्वा’ रोजच्या बोलण्यात आहे. आपल्या ‘तुझ्यावाचून करमत नाही’च्या अगदी जवळचं.

ही एकट्या फ्रेंचची खासियतही नाही. इटालियनमध्ये ‘मी मांकी’ म्हणतात (इथला ‘मी’ म्हणजे ‘मला’), आणि फ्रेंचने हे क्रियापद घेतलं तेच इटालियनकडून. मूळ लॅटिन ‘मांकुस’चा अर्थ लुळा, अपंग असा होता हे खरं. पण तो धागा धरून आजच्या वाक्यात अवयव शोधणं म्हणजे ओढूनताणून अर्थ लावणं.

तेव्हा वाक्य जुळवताना ज्याची आठवण येते त्याला कर्ता करा. आईची आठवण आली तर ‘मा मेर म माँक’. ‘मी’पासून सुरुवात करून ‘झ त माँक’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याला कळेल ते ‘तुला माझी आठवण येते’.