वीसपर्यंत पाढे पाठ, आणि आठ साती विचारलं की बोटं!

शाळेत कोणी साहेब आले की तिसरी-चौथीच्या वर्गात एक प्रश्न ठरलेला असतो. "कितीपर्यंत पाढे येतात रे तुले?" पोट्टं छाती काढून सांगते, "वीसपर्यंत, सर." मग एक पाढा खडाखडा म्हणून दाखवला जातो, टाळ्या होतात आणि साहेब पुढच्या वर्गात जातात. त्याच लेकराला मधूनच "आठ साती?" असं विचारून पाहा. ते आठ एके आठपासून गाडी सुरू करतं, ओठ हलतात, बोटं मोडली जातात आणि सातव्या बोटावर उत्तर येतं. म्हणजे त्याला चाल येते. गुणाकार यायचा बाकी आहे.

माझं मत स्पष्ट सांगतो. प्राथमिक शाळेतली वीस-तीसपर्यंतच्या पाढ्यांची शर्यत बंद केली पाहिजे. त्याऐवजी दहापर्यंतचा तक्ता असा पक्का करा की कुठूनही विचारलं तरी दोन-तीन सेकंदांत उत्तर यावं, आणि नाही आठवलं तर माहीत असलेल्या उत्तरावरून ते काढता यावं. हा दुसरा भाग आपल्याकडे जवळजवळ शिकवलाच जात नाही.

पाढे म्हणण्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. "बे त्रिक सहा, बे चोक आठ" ही लय फार कामाची आहे. मात्र सगळा वर्ग एका सुरात म्हणतो तेव्हा पाच-सहा जण पुढे असतात आणि बाकीचे शेवटचा शब्द पकडतात. गुरुजींच्या कानाला पूर्ण पाढा ऐकू येतो, कोणाचा कुठे अडला ते कळत नाही. तेव्हा म्हणा खुशाल, पण तपासणी वेगळी करा, एकेकट्याची आणि क्रम मोडून.

आता जरा हिशोब. एक ते दहाच्या पाढ्यांत १०० उत्तरं आहेत. सहा साती आणि सात सक एकच, हे लेकराला खरंच पटलं तर १०० ची ५५ होतात. एक आणि दहाचे पाढे पाठ करावेच लागत नाहीत, ते काढले की उरतात ३६. दोनचा म्हणजे दुप्पट, तो गेला की २८. पाचचा गेला की २१. नऊचा दहावरून निघतो, तो गेला की १५. चारचा म्हणजे दुपटीची दुप्पट, उरले १०. तीनचा म्हणजे दुप्पट आणि वर एक घर (तीच संख्या आणखी एकदा), तोही काढा. शेवटी राहतात फक्त सहा: ६×६, ६×७, ६×८, ७×७, ७×८ आणि ८×८. तिसरीच्या लेकराच्या डोक्यावरचं ओझं खरं म्हणजे एवढंच आहे आणि आपण त्याला वीस पाढ्यांचा डोंगर दाखवतो.

पण "पटलं तर" हे महत्त्वाचं. सहा साती सहाच्या पाढ्यात येते, सात सक सातच्या पाढ्यात. दोन्हींची चाल वेगळी, म्हणून लेकराच्या लेखी त्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. ते एकच आहे हे डोळ्यांनी दिसायला हवं. वरुड-मोर्शीकडच्या पोरांना हे सांगायला काहीच लागत नाही. संत्र्याची लागवड सहा-सहा मीटरवर असते, बागेत कुठूनही पाहा, ओळी सरळच. या धुऱ्यावरून (बांधावरून) सहा ओळी, ओळीत सात झाडं. बाजूच्या धुऱ्यावर जाऊन उभं राहिलं की सात ओळी, ओळीत सहा झाडं. झाडं तेवढीच. जिथे बाग नाही तिथे फरशीवर चिंचोके मांडा. सोयाबीनचे दाणे घेऊ नका, ते घरंगळतात आणि ओळ मोडली की सगळंच मोडतं.

दुसरं फुकटचं साधन म्हणजे तुराट्या. सहा आडव्या ठेवायच्या, त्यांच्यावर सात उभ्या, आणि जिथे काडीवर काडी येते ते छेद मोजायचे. ४२ निघतात. पहिल्या दिवशी अर्धा वर्ग छेदांऐवजी काड्याच मोजतो आणि १३ सांगतो. ही चूक लगेच पुसू नका. बेरीज आणि गुणाकार यांची गल्लत कोणाच्या डोक्यात आहे ते तिथेच कळतं. शून्याचा गुणाकारही याच काड्यांनी समजतो: सहा आडव्या ठेवल्या, उभी एकही नाही, मग छेद किती? "सहा गुणिले शून्य सहा" म्हणणारं लेकरू काड्यांकडे पाहून आपणच उत्तर बदलतं.

पाढ्यांचा क्रमही बदलावा असं माझं मत आहे. दोन, तीन, चार, पाच असा नव्हे, तर दोन, दहा, पाच, मग चार, तीन, नऊ, सहा, आठ, आणि सात सर्वात शेवटी. प्रत्येक नवा पाढा जुन्या पाढ्यावर उभा राहिला पाहिजे.

चार आणि आठ दुपटीवर चालतात. आठ साती काढायचं तर सातची दुप्पट १४, तिची दुप्पट २८, तिची दुप्पट ५६. इथे अडतं ते पाढ्यात अडत नाही, २८ ची दुप्पट करण्यात अडतं. म्हणून दुसरीतच ५० पर्यंतच्या कोणत्याही संख्येची दुप्पट तोंडी घ्या, दशक वेगळा आणि एकक वेगळा: २० चे ४०, ८ चे १६, झाले ५६. हा पाया नसेल तर आठचा पाढा पुन्हा रट्ट्यावरच जातो.

नऊसाठी दहापट करून एक घर कमी करायचं. नऊ साती म्हणजे ७० मधून ७ गेले, ६३. हमखास होणारी चूक म्हणजे पोरं ७ ऐवजी ९ वजा करतात आणि ६१ सांगतात. दहा-दहा चिंचोक्यांच्या सात ओळी मांडा आणि प्रत्येक ओळीतला शेवटचा उचलायला सांगा. किती उचलले? सात. पुन्हा ती चूक फारशी होत नाही. दहा बोटांवर नऊचा पाढा काढायची युक्ती सगळीकडे लोकप्रिय आहे, पण मला ती आवडत नाही. उत्तर मिळतं, कारण कळत नाही, आणि दहाच्या पुढे ती संपते. दहातून एक घर काढायची सवय मात्र पुढे १९×६ ला लागते (१२० वजा ६) आणि ९९×६ लाही (६०० वजा ६).

सहा आणि सात पाचवरून काढायचे. सहा साती म्हणजे सात ओळी, प्रत्येकीत सहा. पाच चिंचोक्यांनंतर उभी सुतळी टाका. अलीकडे पाच साती ३५, पलीकडे एकेक करून ७, मिळून ४२. इथे ३५ मध्ये ६ मिळवून ४१ सांगणारे निघतात. त्यांना सुतळीच्या पलीकडचे मोजायला लावा, बाकी काही बोलू नका. सात आठी तशीच: पाच आठी ४०, दोन आठी १६, झाले ५६. सात साती ३५ आणि १४, म्हणजे ४९.

एक अडचण आपल्या संख्यांच्या नावातच आहे. छप्पन्न म्हणताना सहा आधी ऐकू येतो आणि पन्नास नंतर, म्हणून पोट्टं "आठ साती छप्पन्न" बरोबर म्हणतं आणि पाटीवर ६५ लिहितं. बघणाऱ्याला वाटतं पाढा चुकला, प्रत्यक्षात संख्यालेखन चुकलेलं असतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास सहा' अशा वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांची नको तितकी टिंगल झाली. मला वाटतं, रोजची नावं तीच ठेवावी, पण लिहायच्या क्षणी "छप्पन्न म्हणजे पन्नास सहा" असं मनात म्हणायला शिकवावं. त्यात बिघडत काही नाही. 'एकोण'वाली संख्या तर दहापर्यंतच्या पाढ्यांत फक्त एकच येते, सात साती एकोणपन्नास. आणि तीच ५९ लिहिली जाते. तिच्यावर एक अख्खा तास खर्च केला तरी वाया जाणार नाही. चोपन्न-छप्पन्न आणि त्रेसष्ट-चौसष्ट या जोड्या कानाला सारख्या लागतात, त्या एकाच दिवशी शिकवू नका. आधी एक पक्की होऊ द्या, आठवड्याने दुसरी आणा.

मेळघाटात घरी कोरकू बोलणारं लेकरू किंवा गडचिरोलीत गोंडी बोलणारं लेकरू दोन कामं एकाच वेळी करत असतं, नाव शिकायचं आणि गुणाकारही. त्याला चिंचोके घरच्या भाषेत मोजू द्या, उत्तर अंकात लिहू द्या, पाढ्याची चाल नंतर येईल. सेमी इंग्रजीच्या वर्गात तर "सेव्हन सेव्हन्स आर फॉर्टी नाइन" आणि "सात साती एकोणपन्नास" दोन्ही पाठ करायला लावतात. काहून बाप्पा? एका भाषेत पक्कं करा. दुसऱ्या भाषेत फक्त उत्तर सांगता आलं तरी पुरे.

सरावाला रोज दहा मिनिटं लागतात, पण रोज. जुन्या लग्नपत्रिकांचे त्रिकोणी तुकडे कापा आणि खालच्या कोपऱ्यांत ६ आणि ७, वरच्या कोपऱ्यात ४२ लिहा. वरचा कोपरा झाकला तर गुणाकार, खालचा एक झाकला तर भागाकार. एका लेकराच्या हातात दहा पत्ते द्या, त्यातले सात येणारे आणि तीनच नवे. दहाही नवे दिले की पोरगं अंदाजे ठोकायला लागतं. पत्त्यांचे तीन ढीग करायचे: पटकन आलं, विचार करून आलं, अडलं. अडलेल्याचं उत्तर सांगू नका, "पाच साती किती?" एवढंच विचारा. नवा पत्ता दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मग आठवड्याने पुन्हा समोर आला पाहिजे. द्विशिक्षकी शाळेत हे फार सोयीचं पडतं. तिसरी-चौथीची पोरं जोडीजोडीने बसतात आणि तेवढ्यात गुरुजी पहिली-दुसरीकडे पाहू शकतात. घड्याळ लावून सगळ्यांसमोर शर्यत मात्र नको. ज्याला येतं तोच त्यात जिंकतो आणि ज्याला सरावाची गरज आहे तो दुसऱ्या दिवशी मागच्या ओळीत सरकतो.

आपल्या भागाचं वेळापत्रकही ध्यानात घ्यावं लागेल. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी राज्याच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि दिवाळीनंतर कापूस वेचणीला माय-बाप वावरात गेले की हजेरी पडते. म्हणून दोन, दहा, पाच, चार आणि तीन हे दिवाळीआधी हातावेगळे करा. वेचणीवरून परत आलेल्या लेकराला आधी जुनेच पत्ते द्या, वर्ग कुठे पोचला ते त्याला सांगू नका.

आणि वेचणीचाच हिशोब वर्गात का घेऊ नये? किलोला ८ रुपये दर धरला आणि २७ किलो वेचला तर मजुरी किती? दोन चौकटी आखा, एकीत २० आणि एकीत ७. वीस आठी १६०, सात आठी ५६, एकूण २१६. हातच्याची उभी मांडणी या चौकटीनंतर यावी. आधी आली की ठरलेल्या चुका होतात. २३×४ चं उत्तर ८१२ येतं, कारण ८ आणि १२ शेजारी-शेजारी लिहिले जातात. २७×६ चं उत्तर ३६२ येतं, कारण हातचे ४ गुणण्याआधीच २ मध्ये मिळवले जातात आणि मग सहा सक छत्तीस होतात. खरं उत्तर १६२. ३०६×४ मध्ये शून्य चोक चार म्हणून १२६४ लिहितात, पाहिजे १२२४. प्रत्येक चुकीमागे कारण वेगळं आहे, म्हणून नुसती फुली मारून वही परत देण्यात अर्थ नाही. "कसं केलं ते सांग" असं विचारलं की अर्ध्या मिनिटात कळतं.

"नवोदयच्या परीक्षेला तीसपर्यंत लागतात" असं पालक म्हणतात. लागतात ती उत्तरं, आणि ती काढता येतात. सतरा सक म्हणजे ६० आणि ४२, झाले १०२. ज्याला ६×७ पक्कं आहे त्याला सतराचा पाढा वेगळा पाठ करायची गरज नाही. दहाच्या पुढचे म्हणून चौथीत तीनच पाढे पाठ करून घ्यावेत असं मला वाटतं: डझनासाठी बारा, पाव तासाच्या हिशोबासाठी पंधरा, आणि पैशांसाठी पंचवीस. पंचवीस चोक शंभर येत असेल तर २५×१६ ला कागदसुद्धा लागत नाही, सोळात चार चोक, म्हणजे चारशे.